आपल्या शाळेचा नळ आराखड्यात आहे का?

नमस्कार. मला विषय दिलाय ‘नागरिकशास्त्र शिकवण्यासाठी ऑनलाइन साधनं’. यादी आणलीये मी, देते, पण आधी एक गोष्ट ऐका, कारण तिच्याशिवाय नुसती यादी घेऊन तुम्ही करणार काय?

ऑनलाइन साधन म्हटलं की आपण लगेच व्हिडिओ लावतो. मीही सहावीला ग्रामपंचायतीच्या धड्याला लावला होता. त्यात एक ताई पुस्तकातलंच वाचून दाखवतायत, मागे तबला चालूय, आणि पोरं खिडकीबाहेर बघतायत. सरपंच, उपसरपंच, पाच वर्षांची मुदत हे सगळं त्यांना पाठच होतं हो, पण आपल्या पंचायतीनं यंदा काय काय करायचं ठरवलंय ते वर्गात एकालाही माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

मग मी ई-ग्रामस्वराज उघडलं, म्हणजे पंचायतींचे वर्षाच्या कामांचे आराखडे आणि खर्च दाखवणारं सरकारी पोर्टल. हे पोर्टल २४ एप्रिल २०२० ला सुरू झालं, पंचायत राज दिनाला. पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली याच तारखेला लागू झाली म्हणून तो दिवस, हे पोरांना आवर्जून सांगा. आराखडा बघायला लॉगिन लागत नाही. वर्ष, राज्य, जिल्हा, तालुका, पंचायत निवडली की मंजूर आराखडा समोर येतो. माझा एकच फोन, भोवती चौतीस पोरं, नेट येत-जात होतं, म्हणून मी वाचत गेले आणि फळ्यावर एका मुलीला लिहायला लावलं. कामांची नावं सगळी इंग्रजीत, तर एकेका नावाचं मराठी करायलाच दोन तास गेले, आणि माझ्या मते त्या दोन तासांत जेवढं नागरिकशास्त्र झालं तेवढं आधी वर्षभरात झालं नव्हतं. गटार कुणाच्या घरापासून कुणाच्या घरापर्यंत, यावरून तर भांडणच लागलं.

आणि मग ती फळ्यावरची मुलगी लिहिता लिहिता थांबली. बाई, हे तर आपल्याच शाळेचं आहे! हात धुवायच्या जागेची दुरुस्ती, अंदाजे खर्च ६० हजार. सगळी पोरं उठून बाहेर पळाली. तिथं तीन नळ, दोन तुटलेले, तिसऱ्याला चिंधी बांधलेली.

आता अठरा वर्षांखालच्यांना ग्रामसभेत मत नाही. पण त्या मुलीच्या आजीला आहे ना! आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, तिथं आजी उठून ग्रामसेवकांना म्हणाली, भाऊसाहेब, शाळेचा नळ कागदावर आलाय, शाळेत कधी येणार? भाऊसाहेबांनी नीट उत्तर दिलं, की आराखड्यात नाव आलं म्हणजे पैसे खर्च झाले असं नाही, हे काम अजून सुरूच झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पोर्टलवर खर्चाचा भाग वेगळा उघडून बघितला, तर खरंच, त्या कामापुढे खर्च नव्हता. अंदाजपत्रक वेगळं आणि खर्च वेगळा, हे आता त्या पोरांना जन्मभर कुणी सांगायला नको.

पाचच मिनिटं राहिली म्हणतायत. बरं, पटापट सांगते. पुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट आहेत. सातवीला संविधान आहे, तर संविधान सभेतल्या चर्चा ऑनलाइन आहेत, इंग्रजी आणि हिंदीत. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी खेड्यांवर किती कडक टीका केली ते वाचा आणि त्याच महिन्यात पंचायतींचं कलम, आजचं कलम ४०, कसं आलं तेही वाचा, वर्गाचे दोन गट करा, वाद घालू द्या. आठवीला संसद आहे, संसद टीव्हीवर प्रश्नोत्तराचा तास दाखवा, दहा मिनिटं पुरे. उमेदवारांची शपथपत्रं मायनेता डॉट इन्फोवर आहेत, पण तिथं एखाद्या पक्षावर शेरे मारू नका, फक्त शिक्षण, मालमत्ता, गुन्हे हे रकाने कसे वाचायचे एवढंच शिकवा. शहरातल्या शाळांनी महापालिकेच्या साइटवर बजेट शोधायचं, आपला वॉर्ड काढायचा.

पण सुरुवात गावापासूनच करा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी एकदा आराखडा काढून बघाच. कुणाच्या गावाचं नाव पोर्टलवर सापडलं नाही तर चहाच्या वेळी फोन घेऊन माझ्याकडे या, बहुतेक वेळा इंग्रजी स्पेलिंगचा घोळ असतो.