माफ केलं तर झालेलं नुकसान जातं कुठं?

जय ख्रिस्त मंडळी! आजचा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय, की दादा, उपासनेत उभं राहून म्हणतो माफ केलं, घरी आलो की तो माणूस आठवतो आणि डोकं तापतं, मग मी ढोंगी आहे का? अजिबात नाही. येशूनं माफी ही भावनेच्या भरवशावर सोडलेलीच नाही, ती आधी ठरवायची असते, मन मागून येतं, कधीकधी लई उशिरा येतं. हे कसं ते बायबलमधल्या मत्तयच्या 18व्या अध्यायात बघू.

येशूचा शिष्य पेत्र विचारतो, प्रभू, भावाला किती वेळा माफ करू, सात वेळा? येशू म्हणतो, साताच्या सत्तर वेळा, आणि लगेच दाखला सांगतो. एका चाकरावर राजाचं दहा हजार तलांतांचं कर्ज, तो पाया पडतो, राजा सगळं सोडून देतो. तोच चाकर बाहेर येतो आणि 100 दिनारांसाठी सोबतच्या चाकराची नरडी धरतो, त्याला तुरुंगात टाकतो.

आता जरा हिशोब करू, कारण हा दाखला हिशोबाशिवाय कळतच नाही. दिनार म्हणजे त्या काळी मजुराचा एका दिवसाचा रोज, आणि एक तलांत म्हणजे साधारण 6,000 दिनार. आपल्याकडं शेतातला रोज समजा 400 रुपये धरला, तर 100 दिनार झाले 40 हजार रुपये. आणि दहा हजार तलांत? 2,400 कोटी! सात पिढ्या राबल्या तरी फिटायचं नाही असं कर्ज.

बहुतेक प्रवचनांत 2,400 कोटींवरच बोललं जातं, पण मला ते 40 हजार जास्त महत्त्वाचे वाटतात. ती रक्कम छोटी नाहीये हो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला विचारा, त्यात खरिपाचं बी-खत निघतं. म्हणजे येशू असं म्हणतच नाही की तुझं काही गेलं नाही, उगाच काय धरून बसलास. तुझं गेलंय, खरंच गेलंय, तुझ्या घामाचं गेलंय, आणि हे धरूनच तो माफ कर म्हणतो.

मग राजानं सोडलेल्या पैशाचं काय झालं? ते हवेत नाही गेले, खड्डा राजाच्याच खजिन्यात पडला. कोणीतरी सोसल्याशिवाय माफी होतच नाही, आणि ज्याचं नुकसान झालं तोच ते आपल्या अंगावर घेतो. आपल्या विश्वासात येशूचा वधस्तंभ म्हणजे हेच, आपलं देणं देवानं स्वतः भरलं. असं कोण करतं? ज्याचं प्रेम आहे तोच, आणि तेही ठरवून, जबरदस्तीनं हे होत नसतं.

आता गावातलं बघू. दोन भाऊ, वाटणी झाली, एकानं ट्रॅक्टरवाल्याला सांगून दरवर्षी नांगराचं एकेक तास बांध कोरला, पाच-सहा वर्षांत बांध नुसता नावाला राहिला, मग शिवीगाळ, मग बोलणं बंद, मग एकमेकांच्या मयतीलाही जाणं बंद. अशी घरं आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्येही आहेत, आणि रविवारी दोघं एकाच प्रभुभोजनाला बसतात. इथं माफी म्हणजे जमीन सोडून द्या असं मी म्हणणार नाही, खुशाल मोजणीचा अर्ज करा, दगड रोवून घ्या. पण त्याच्या सोयाबीनला कीड लागली तर मनात बरं वाटून घ्यायचं नाही, पारावर बसून त्याचंच पुराण लावायचं नाही, त्याच्या पोरीचं लग्न आलं तर अक्षता टाकायला जायचं, आणि त्याची मोटार जळाली तर आपल्या विहिरीवरून पाणी द्यायचं. पाणी देताना राग आला तरी द्यायचं!

आणि हो, त्याच अध्यायात पेत्राच्या प्रश्नाच्या आधी 15 ते 17 वचनं आहेत, ती आपण पटकन ओलांडतो. भावानं अपराध केला तर आधी एकट्यात जाऊन त्याला सांग, नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत ने, तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. म्हणजे माफी म्हणजे तोंड दाबून बसणं नव्हे. म्हणून नवरा मारहाण करतोय आणि कोणी त्या बाईला म्हणतंय की माफ कर आणि जा परत नांदायला, तर माझ्या मते तो वचनाचा गैरवापर आहे. ती माफ करू शकते आणि माहेरी राहू शकते आणि पोलिसांतही जाऊ शकते, तिन्ही एकदम.

ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्लॅडिस स्टेन्स यांचंच बघा ना. जानेवारी 1999, ओडिशातलं मनोहरपूर, त्यांचे पती ग्रॅहम आणि दोन मुलं, फिलिप 10 वर्षांचा, टिमोथी 6 वर्षांचा, गाडीत झोपलेले असताना जाळून मारले. त्या बाईनं सांगितलं की मी माफ केलंय, आणि बारीपदाला राहून कुष्ठरोग्यांचं काम चालू ठेवलं. खटला मात्र चालला, मुख्य आरोपीला जन्मठेप झाली, 2011 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम ठेवली. त्यांच्या माफीनं कोर्टाचं काम थांबलं नाही, आणि कोर्टाची वाट बघत त्यांनी माफी थांबवली नाही.

समोरच्यानं माफी मागितलीच नाही तर, हे पण विचारता तुम्ही. वधस्तंभाजवळ खिळे ठोकणाऱ्यांपैकी कोणी मागितली होती? तरी येशू म्हणाला, “हे बापा, त्यांना क्षमा कर.” माफी एकट्याला करता येते, समेटाला मात्र दोघं लागतात, आणि विश्वास परत बसायला वेळ लागतो, तो लागू द्या.

त्या विश्वासावर पुढच्या व्हिडिओत बोलू. ज्याला भावांनीच विकलं होतं त्या योसेफानं भावांना ओळखल्यावर लगेच मिठी मारली नाही, आधी पारख केली, ती का केली ते बघू, तोवर उत्पत्ती 42 ते 45 वाचून या. आणि कमेंटमध्ये ज्यांच्याशी बिनसलंय त्यांची नावं टाकू नका बरं, ती प्रार्थनेत घ्या.