लिंकमध्ये ‘आंबा’ का फुटतो? बेस६४ उलगडून बघू

(टेबलावर हापूसची रिकामी पेटी, शेजारी लॅपटॉप)

नमस्कार मंडळी! समजा, देवगडच्या एका बागायतदाराने ऑर्डरची लिंक बनवली आणि त्यात ‘आंबा’ हा शब्द बेस६४ करून, म्हणजे ६४ साध्या चिन्हांत लिहून, घातला. गिऱ्हाईकाने लिंक उघडली, तर ‘आंब’ आणि पुढे चौकटीतलं प्रश्नचिन्ह. काना गेला कुठे?

ईमेलची जुनी वाट ७ बिटांच्या (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक) साध्या मजकुरासाठी होती. फोटोचे ८ बिटांचे बाइट तिथे धड पोचत नसत. म्हणून ६४ बिनधोक चिन्हं निवडली: इंग्रजी मोठी २६, छोटी २६, दहा आकडे, अधिक आणि तिरकी रेघ. एका चिन्हात ६ बिट मावतात, म्हणजे ३ बाइटांची ४ चिन्हं.

आता ‘आ’ घ्या. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरांचे बाइट ठरवायची पद्धत) त्याचे बाइट २२४, १६४, १३४.

(स्क्रीनवर)
१११००००० १०१००१०० १००००११०
१११००० ००१०१० ०१००१० ०००११०

खालच्या ओळीतले आकडे ५६, १०, १८, ६. मोठ्या ‘ए’ला शून्य धरून त्याच क्रमाने मोजा: आकडा ४, मग मोठे के, एस, जी. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नेमकं ३ बाइटांचं, त्यामुळे वाटणी चोख बसते. अनुस्वाराच्या शेवटी येतो सी, ‘ब’च्या शेवटी छोटा एस. आणि काना? ६२, म्हणजे अधिकचं चिन्ह! पहिली वेलांटी ६३, म्हणजे तिरकी रेघ. मराठीत काना किती वेळा येतो, मोजायलाच नको.

लिंकमध्ये प्रश्नचिन्हापुढच्या भागात ‘अधिक’ म्हणजे मोकळी जागा असं सर्व्हर समजतो. ती जागा वगळली की कान्याचं चौथं चिन्ह गळतं; मग काही डिकोडर (उलगडणारे प्रोग्राम) एरर देतात, काही अर्धवट अक्षर. उपाय सोपा: लिंकसाठी बेस६४यूआरएल वापरा. त्यात अधिकच्या जागी वजा आणि रेघेच्या जागी अंडरस्कोर येतो. (मध्ये एखादी स्पेस आली की ती एकाच बाइटची, पुढची सगळी वाटणी सरकते. तेव्हा ‘काना म्हणजे अधिक’ हे पाठ करू नका.)

बाइट तीनच्या पटीत नसतील, तर शेवटी बरोबरची (=) चिन्हं. पेटीत आंबे कमी पडले की पेंढा कोंबतो ना, तसंच.

३ एमबीचा फोटो ४ एमबी होतो. पावसाळ्यात घाटाखालच्या रेंजवर ते जाणवतं. आणि पासवर्ड यात ‘लपवू’ नका, हे कुलूप नाही, कुणीही उलगडतो.

टर्मिनलवर करून बघताना शेवटी सी, छोटा जी आणि दोन बरोबरची चिन्हं दिसली, तर ‘एको’ या आज्ञेने मागे नवी ओळ चिकटवलीय. ‘प्रिंटएफ’ने करा, नुसता आंबा मिळेल.