अर्जंट केअर की थेट इमर्जन्सी? दुखण्यावरून ठरवू नका

नमस्कार मंडळी! फुटलेला ग्लास उचलताना बोट कापलं, तेही नेहमीचा दवाखाना बंद झाल्यावर. कुठे जायचं? अर्जंट केअरला, म्हणजे अपॉइंटमेंटशिवाय किरकोळ दुखणी बघणाऱ्या दवाखान्यात, की हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत?

आधी स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा. घड्याळ लावून १० मिनिटं. मध्ये उचलून बघू नका, साकळू लागलेलं रक्त पुन्हा वाहायला लागतं. रक्त थांबलं, बोट नीट हलतंय, पण जखमेच्या कडा उघड्या आहेत? टाके लागतील, आणि त्यासाठी अर्जंट केअर अगदी योग्य. रक्त थांबतच नाही, बोट वाकत नाही किंवा बधिर झालंय, तर थेट इमर्जन्सी.

मुरगळलेला पाय, लघवीची जळजळ, ठणकणारा कान, हेही अर्जंट केअरचंच काम. बऱ्याच ठिकाणी एक्स-रेसुद्धा निघतो. मात्र सीटी स्कॅन सहसा नसतो, आयसीयू नसतो. हे लक्षात ठेवा, कारण आता स्ट्रोकबद्दल, म्हणजे मेंदूच्या झटक्याबद्दल बोलायचंय.

कान ठणकला की माणूस रडकुंडीला येतो. स्ट्रोक मात्र बहुतेकदा दुखतच नाही! हातातला कप निसटतो, ओठाचा एक कोपरा खाली ओघळतो, बोलताना जीभ जड होते. घरचे म्हणतात, "दमलेत, पडू दे जरा." कृपा करून झोपू देऊ नका. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे सीटी स्कॅनवर बघावंच लागतं. म्हणून अर्जंट केअरच्या रांगेत बसलात तर तेवढी मिनिटं हातची गेली. माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता, ती वेळ लिहून घ्या. डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतील.

छातीवर दडपण आणि दरदरून घाम असेल तर अ‍ॅम्ब्युलन्सच बोलवा, स्वतः गाडी चालवत निघू नका. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हार्ट अटॅक आला तरी कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो, मळमळतं. "अ‍ॅसिडिटी असेल" म्हणून किती वेळ जातो, माझा जीव तुटतो ऐकून.

आणि तान्हं बाळ! तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर ते खेळतंय म्हणून थांबू नका, इमर्जन्सीतच न्या.

बरीच अर्जंट केअर रात्री बंद असतात. तुमच्या जवळचं किती वाजता बंद होतं, ते आत्ताच बघा आणि अ‍ॅम्ब्युलन्सच्या नंबरासोबत फ्रिजवर लावून ठेवा.