व्हॅनसाठी फ्रिज घेताय? लिटर नंतर, आधी वायर

नमस्कार मंडळी! आज फ्रिज. कारण व्हॅनचा आतला व्हिडिओ टाकल्यापासून तुम्ही दुसरं काही विचारलंच नाहीये. पलंग दाखवला, ओटा दाखवला, छतावरचं सोलर दाखवलं, आणि कमेंटमध्ये काय, "ताई फ्रिज किती लिटरचा?", "ताई लिंक द्या ना", "ताई कितीला पडला?" लिंक आज देत नाहीये, कारण लिंक दिली की तुम्ही फ्रिज मागवणार, गाडीतल्या लायटर सॉकेटमध्ये खुपसणार आणि चार दिवसांनी मलाच विचारणार की रात्री बंद का पडतो. हे विचारणारेही खूप आहेत, खरं तर हा व्हिडिओ त्यांच्यासाठीच आहे.

आधी पटापट बेसिक. तीन प्रकार मिळतात. पहिला थर्मोइलेक्ट्रिक, तो स्वस्त, हलका, दिसायला छान. हा घेऊ नका. तो बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंश खाली नेतो, बस. एप्रिलमध्ये आमच्या गोव्यात, पेडण्यात दुपारी ३४ अंश असतात, बंद व्हॅनमध्ये चाळीसच्या वर, मग आत राहिले वीस-बावीस अंश. दूध ४-५ अंशांना ठेवायचं असतं. शिवाय तो थांबतच नाही, दिवसरात्र चार-पाच अँपिअर ओढत बसतो. दुसरा गॅसवर चालणारा, त्याला गाडी सपाट जागेवर उभी लागते आणि झोपायच्या जागेत रात्रभर ज्योत पेटती ठेवायची, मला ते अजिबात मान्य नाही. तिसरा कॉम्प्रेसरवाला, १२ आणि २४ व्होल्ट डीसीवर थेट चालणारा. हाच घ्यायचा. चोर्ला घाटात गाडी कलली तरी त्याला फरक पडत नाही, चांगले कॉम्प्रेसर ३० अंशांच्या कलापर्यंत चालतात.

लिटर म्हणाल तर दोन माणसांना ४० ते ४५ पुरतो. वरून उघडणारा घ्या, झाकण उघडलं की थंड हवा आतच बसून राहते, कपाटासारखं दार असलं की सगळी पायावर सांडते. झालं बेसिक.

वीज किती खातो? कॉम्प्रेसर चालू असताना ४५ ते ६० वॉट. पण तो सतत चालत नाही, थंड झालं की थांबतो. आपल्याकडच्या उकाड्यात अर्धा वेळ चालतो असं धरा, म्हणजे ५० वॉट गुणिले १२ तास, ६०० वॉट-अवर, १२ व्होल्टवर साधारण ५० अँपिअर-अवर दिवसाला. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी असेल तर ऊन नसतानाही दोन दिवस निघतात. लेड-अ‍ॅसिड असेल तर एकच, कारण ती अर्ध्याच्या खाली नेली की लवकर मरते.

इथपर्यंत सगळे सांगतात. आता जे कोणी सांगत नाही ते.

मागच्या सीझनला मांद्र्याला एका ओळखीच्या माडाच्या बागेत आम्ही गाडी लावली होती, तिथे कोल्हापूरचं एक जोडपं आलं. नवी व्हॅन, नवा फ्रिज, इन्व्हर्टरची मोठी ट्यूब्युलर बॅटरी, म्हणजे लेड-अ‍ॅसिडच. फ्रिज दिवसा झकास चालायचा, पहाटे बंद, स्क्रीनवर एरर. ज्याच्याकडून फ्रिज घेतला त्याला फोन केला तर तो म्हणाला बॅटरी खराब आहे. बॅटरीवाल्याकडे गेले तर तो म्हणाला बॅटरी ठणठणीत आहे, फ्रिज बदला. दोघांच्या मध्ये यांची फरफट, आणि त्या वहिनींना इन्सुलिन ठेवायचं होतं त्यात, ते २ ते ८ अंशांत राहायला लागतं. मी मल्टीमीटर घेऊन गेले. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.३ व्होल्ट. फ्रिजच्या प्लगपाशी ११. मधले १.३ व्होल्ट गेले कुठे? वायरीत! बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली, फ्रिज मागच्या दारापाशी, आणि मधून ओढलेली वायर एवढीशी बारीक, एलईडी पट्टीला लावतात तसली.

[वायर हातात घेऊन, कॅमेऱ्याच्या जवळ]

ही बघा. ही ०.७५ स्क्वेअर एमएम. आणि ही ४ स्क्वेअर एमएम, सोलरच्या दुकानात लाल-काळी मिळते ती. हिशोब सोपा आहे, घाबरू नका. १ स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.०१७ ओहम. फ्रिज बॅटरीपासून ५ मीटरवर असेल तर वायर किती? पाच नाही, दहा! जाणारी पाच, येणारी पाच. इथेच निम्मे लोक चुकतात. आता ०.७५ च्या दहा मीटरचा रेझिस्टन्स झाला ०.२३ ओहम, त्यातून ५ अँपिअर गेले की १.१५ व्होल्ट वायरीतच संपतात. तेच ४ स्क्वेअर एमएमला ०.२ व्होल्ट. ६ ला ०.१५ सुद्धा नाही.

आणि फ्रिजला बॅटरी दिसत नाही हो, फ्रिजला फक्त त्याच्या प्लगपाशी आलेला व्होल्टेज दिसतो. त्यात बॅटरी वाचवायची सेटिंग असते, हाय, मीडियम, लो. खूप मॉडेल्समध्ये हाय म्हणजे ११.१ व्होल्टच्या आसपास बंद. बॅटरीत १२.३ आहे, म्हणजे अजून निम्म्याच्या वर चार्ज आहे, पण फ्रिजला दिसतात ११, तो म्हणतो बॅटरी संपली आणि झोपतो. दिवसा सोलर चालू असतं, बॅटरी साडेतेरा-चौदावर असते, तेव्हा एक व्होल्ट गळला तरी कळत नाही. म्हणून पहाटे.

आता एक कमेंट वाचते, अशा ढिगाने येतात. "ताई मी स्वतः मोजलं, फ्रिजच्या सॉकेटला पण १२.६ येतात, वायर ओके आहे." दादा, कॉम्प्रेसर चालू होता का? प्लग काढून नुसत्या सॉकेटमध्ये मोजलं की १२.६ च येणार. आपल्याकडे कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, लांब पाइप टाकून पाणी सोडतात, पाइपचं दुसरं तोंड अंगठ्याने दाबून धरलं तर तिथेही नळाएवढाच जोर लागतो, अंगठा काढा आणि शेवटच्या पोफळीला धार किती येते ते बघा. वायरीचंही अगदी तसंच आहे, करंट वाहायला लागला की मगच व्होल्टेज पडतो. म्हणून मोजायचं कसं: फ्रिजचं तापमान खाली करा, कॉम्प्रेसरचा घुर्र आवाज सुरू होऊ द्या, दोन मिनिटं थांबा, मग एकदा बॅटरीवर मोजा, एकदा फ्रिजच्या अगदी जवळ. दोन आकड्यांतला फरक ०.३ व्होल्टच्या आत हवा. त्याच्या वर असेल तर नवी बॅटरी, नवा फ्रिज, मोठं सोलर, कशावरही एक रुपया घालू नका.

तिसरी गोष्ट, आणि याचा मला खरंच राग येतो. सल्ला काय दिला जातो, तर "सेटिंग लो वर टाका, बंद पडणार नाही". पडणार नाही, बरोबर. पण कॉम्प्रेसरला लागणारी पॉवर तेवढीच राहते, व्होल्टेज कमी झाला की तो जास्त अँपिअर ओढतो, जास्त अँपिअर म्हणजे वायरीत आणखी ड्रॉप, म्हणजे व्होल्टेजची आणखी गळती, आणि ते जे व्होल्ट गळतात ते हवेत जात नाहीत, त्यांची उष्णता होते. कुठे? सगळ्यात कच्च्या जागी, म्हणजे लायटर प्लगच्या टोकाला. त्या कोल्हापूरच्या मंडळींचा प्लग मी हातात घेतला तर टोकाभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन एका बाजूला खाली बसलेलं होतं, पिन आत दाबली की वर येतच नव्हती. आतली स्प्रिंग गरम होऊन मऊ पडली होती. झोपलेल्या माणसाच्या डोक्याशी हे चाललंय! आणि लेड-अ‍ॅसिड असेल तर बॅटरीही रोज तळाला जाते ते वेगळंच. सेटिंग गाडीच्या स्टार्टर बॅटरीवर असाल तर हाय. वेगळ्या लिथियमवर असाल तर लो चालेल, तिला स्वतःचं बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट असतं, पण वायर जाड केल्यावर.

मग करायचं काय. लायटर सॉकेट सोडून द्या, ते दहा-एक अँपिअरचं असतं, आत नुसती स्प्रिंगने दाबलेली पिन, खड्ड्यात गाडी आदळली की सैल. बॅटरीवरून थेट ४ किंवा ६ स्क्वेअर एमएमची जोडी ओढा, बॅटरीच्या अगदी शेजारी १५ अँपिअरचा फ्यूज टाका (फ्रिजपाशी नाही, बॅटरीपाशी, वायर मध्ये कुठे घासून शॉर्ट झाली तर वाचवायला तो आहे), आणि टोकाला अँडरसन कनेक्टर, म्हणजे घट्ट बसणारा जाड प्लग. त्या दोघांचं एवढंच केलं, म्हापशाहून सामान आणलं, एका दुपारचं काम. कॉम्प्रेसर चालू असताना फरक आला ०.२. त्याच बॅटरीवर, त्याच फ्रिजवर, त्या पहाटे एरर आली नाही, आणि त्यानंतरही नाही.

वायर घेताना एक बघा. ब्लेडने एक तार खरवडा. बाहेरून तांबूस आणि आत पांढरी निघाली तर ते अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, रेझिस्टन्स दीडपटीच्या वर, परत करा. उलट बाहेरून पांढरी आणि आत तांबूस असेल तर ती कल्हई केलेली तांब्याची, तीच घ्या. आपण किनाऱ्यावर राहतो, खाऱ्या हवेत साध्या तांब्याची टोकं एका पावसाळ्यात हिरवी पडतात, आणि हिरवं पडलेलं टोक म्हणजे परत तोच ड्रॉप.

बाकी प्रश्न भराभर घेते. "इन्व्हर्टर लावून घरचा छोटा फ्रिज चालेल का?" चालेल, पण इन्व्हर्टर स्वतः खातो, फ्रिज थांबला तरी तो जागाच असतो. "फ्रिज पलंगाखाली बंद कप्प्यात बसवला तर?" कंडेन्सरची गरम हवा बाहेर जायला जाळी ठेवा, नाहीतर तो स्वतःचीच गरम हवा खात राहतो आणि ५० चे ७० अँपिअर-अवर व्हायला वेळ लागत नाही. "पावसात सोलर पुरतं का?" जुलैमध्ये नाही, ढगात बऱ्याचदा निम्मंही येत नाही, गाडी चालताना चार्ज करणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच.

"ताई, मासे ठेवायला डीप फ्रीझरवाला घेऊ का?" हा प्रश्न मला आवडतो. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, तेव्हा सगळ्यांनाच बांगडे साठवायचे असतात. पण उणे १८ वर चालवायचं म्हणजे कॉम्प्रेसर जवळजवळ थांबतच नाही, आणि त्याच सुमारास ऊन गायब. माझी आई मे महिन्यात पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सगळं भरून ठेवायची, सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), कोकम, खारातल्या कैऱ्या, यातल्या कशाला फ्रिज लागत नाही. व्हॅनमध्येही मी तेच करते, फ्रिज दूध, दही, भाजी, औषधं यांच्यासाठी ठेवते. आणि शनिवार-रविवारच फिरणार असाल तर चांगला आइस बॉक्स आणि पाच किलो बर्फ घ्या, तेवढ्या बर्फात जवळपास ४६० वॉट-अवरची थंडाई असते, कशाला हजारो रुपये घालताय?

अजून एक, व्हिडिओत दिसला म्हणून सांगते, तो स्टोव्ह आम्ही खाजगी जागेत लावला होता, मालकाला विचारून. बीचवर उघड्यावर स्वयंपाकाला आणि वाळूत गाडी घालायला गोव्यात बंदी आहे, कृपया करू नका.

आता ज्यांचा फ्रिज बंद पडतोय त्यांनी कमेंटमध्ये "मदत करा" एवढंच लिहू नका, मला त्यावरून काही कळत नाही. चार गोष्टी लिहा: बॅटरी कुठली, वायरची एका बाजूची लांबी, वायर किती स्क्वेअर एमएमची, आणि कॉम्प्रेसर चालू असताना दोन्ही टोकांचा व्होल्टेज. चालू असताना! मी प्रत्येकाचा हिशोब करून उत्तर देते.