पंप रूममधलं यंत्र

नमस्कार, श्रोतेहो.

मृगाच्या दोन-चार चांगल्या सरी पडल्या, की आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एक संवाद ठरलेला असतो. माळीबुवा दारात उभे राहून म्हणतात, "काका, मशीन उचलत नाय." मागून सेक्रेटरींचा आवाज येतो, "अहो, किती वर्षं ओढणार ते? भंगारवाल्याला द्या आणि मोकळे व्हा."

मशीन म्हणजे गवत कापायचं. पेट्रोलवरचं, चार चाकांचं, दोरी ओढून सुरू करायचं. मुंबईत कुठलं आलंय गवत, असं तुम्ही म्हणाल. जुन्या कॉलन्यांची मैदानं आणि शाळांची पटांगणं आठवा. श्रावणात आठ दिवस कापलं नाही तर पोरांचा चेंडू सापडत नाही. आमच्याकडे तर डोंगर पाठीशीच, त्यामुळे चेंडू शोधताना दुसरंच काही सापडायची भीती.

मी मूळचा गिरणीतला फिटर. 1982च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच, मग स्कूटरच्या गॅरेजात पाना धरला. म्हणून असली कामं माझ्या गळ्यात येतात. गंमत अशी, की या यंत्राचा उगमही गिरणीतलाच. 1830 साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग नावाच्या माणसानं गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, ते लोकरी कापडावरची लव कातरणारं यंत्र बघून. त्याची पाती फिरत्या रुळावर बसवलेली होती आणि आमचं एकच पातं खाली पंख्यासारखं फिरतं. पण हे कळल्यापासून मला ते यंत्र आपल्या खात्यातलं वाटायला लागलं.

असो. तर मशीन उचलत नाही. दोरी शंभर वेळा ओढून खांदा दुखवून घ्यायचा नाही. इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढायचा आणि बघायचा. दहा वेळा ओढूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल वर येत नाही. ओलाचिंब असेल तर पेट्रोल येतंय, पण ठिणगी नाही, किंवा चोक देऊन देऊन आपणच इंजिन बुडवलंय. प्लग त्याच्या वायरच्या टोपीत घालून इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवायचा, पेट्रोलपासून लांब, आणि दोरी ओढायची. निळी ठिणगी कडक उडाली की तो प्रश्न संपला. मग प्लगच्या भोकावर अंगठा दाबून एकदा दोरी ओढा. अंगठा फेकला गेला तर आत दाब आहे, म्हणजे इंजिन जिवंत आहे. पाच मिनिटांचं काम, पैसा लागत नाही. एवढं केल्याशिवाय जो नवीन सामान आणायला पळतो, त्याला मी मेकॅनिक म्हणत नाही.

आमचा प्लग कोरडा निघाला. मला नवल वाटलं नाही. दिवाळीपासून जूनपर्यंत टाकीत पेट्रोल तसंच पडलेलं, पंप रूमच्या दमटपणात. 2023पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला बरोबर घेऊन तळाशी बसतं. हलका भाग उडून जातो, उरतो तो चिकट थर. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरची वाटी उघडली तेव्हा तळाला पांढरट भुगा आणि आंबूस वास. मधल्या जेटचं, म्हणजे पेट्रोलच्या बारीक तोटीचं, भोक उजेडाकडे धरलं तर पलीकडचं काही दिसेना.

हे भोक साफ करताना बरेच जण टाचणी घालतात. घालू नका. जेट पितळेचं असतं, टाचणीनं भोक मोठं होतं आणि मग यंत्र जन्मभर जास्त पेट्रोल पितं. मी क्लीनरचा फवारा मारतो, हवा मारतो आणि विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार हलक्या हातानं फिरवतो. रबरी नळी वाळून तडकली होती, ती बदलली. हवेच्या फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुतला, वाळवला, तेलाचे थेंब लावून पिळला. इंजिन ऑइल डांबरासारखं झालं होतं, तेही नवीन भरलं. तिसऱ्या ओढीला यंत्र सुरू झालं. माळीबुवांनी हात जोडले. मी जरा फुशारलो.

बारा मिनिटांनी बंद पडलं.

थांबलो, पुन्हा सुरू केलं. दहा मिनिटं चाललं, पुन्हा बंद. इथे माझ्यातला गॅरेजवाला नको तितका शहाणा झाला. गार असताना चालतंय, तापल्यावर मरतंय, म्हणजे ठिणगीला वीज देणारी कॉइल! तापली की आतली तार दगा देते, स्कूटरमध्ये हे मी कितीदा पाहिलंय. दुसऱ्या दिवशी लोकल पकडून मशीद बंदरला उतरलो, नागदेवीच्या यंत्रसामानाच्या गल्ल्यांत दोन तास घालवले, कॉइल आणली. कॉइल आणि मॅग्नेटच्या चाकामध्ये जुनं व्हिजिटिंग कार्ड ठेवून फट धरली, स्क्रू आवळले, कार्ड ओढून काढलं. सगळं नियमानं. यंत्र सुरू झालं आणि बारा मिनिटांनी बंद पडलं.

बंद पडल्या क्षणी, गरम असतानाच, प्लग काढून ठिणगी बघितली असती तर नागदेवीची फेरी वाचली असती. आत्ताच तुम्हाला मोठ्या तोऱ्यात सांगितलेली तपासणी मी स्वतःच टाळली होती. आता केली. ठिणगी कडक, प्लग कोरडा. पेट्रोलच! वैतागून टाकीचं झाकण उघडलं तर हवा आत शिरल्याचा सूं आवाज आला. झाकण सैलच ठेवून दोरी ओढली, आणि यंत्र चालत राहिलं.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडखळत येतं, म्हणून वाणी समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडतो. टाकीच्या झाकणातही हवेसाठी तसंच बारीक भोक असतं. आमच्या झाकणातल्या भोकात कुंभारीण माशीनं चिखल भरून घर केलं होतं. जरा हवा मिळायची तोवर यंत्र चालायचं, मग टाकीत पोकळी व्हायची आणि पेट्रोल वरच अडायचं. मी भोक मोकळं केलं. जुनी कॉइल परत बसवली, ती अजून चालतेय. नवी माझ्या कपाटात आहे, बिल सोसायटीला दाखवायची हिंमत झाली नाही.

राहिलं पात्याचं. पात्याला हात लावायच्या आधी प्लगची टोपी काढून बाजूला करा. यात कुणी शहाणपणा करू नये, मी बोटं गेलेली पाहिली आहेत. यंत्र आडवं करताना हवेचा फिल्टर वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर ऑइल त्यात उतरतं आणि मग सोसायटीभर पांढरा धूर. धार लावून झाली की पातं मधल्या भोकात खिळ्यावर टांगायचं. जी बाजू खाली जाईल ती जड, ती थोडी घासायची. खालचं पत्र्याचं भांडं वर्षानुवर्षांच्या ओल्या गवतानं पापुद्रे धरून होतं. तारेच्या ब्रशनं खरवडलं, रेड ऑक्साइडचे दोन हात दिले, वर शिल्लक राहिलेला गेटचा हिरवा रंग.

पातं कशावर आपटू मात्र देऊ नका. मागे एकदा पातं पेव्हर ब्लॉकच्या कडेला आपटलं होतं आणि त्यानंतर दोरी उलट झटका द्यायची. मॅग्नेटच्या चाकाखाली एक छोटी चावी असते, म्हणजे चाक शाफ्टवर, इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, अडकवणारी खुंटी, बऱ्याच यंत्रांत मुद्दाम मऊ धातूची. धक्का बसला की ती कापली जाते आणि महागाचा शाफ्ट वाचतो. ती अर्धी जरी सरकली तरी ठिणगी भलत्या वेळी पडते.

आता दिवाळीनंतर शेवटचं गवत कापून झालं, की माळीबुवा टाकी रिकामी करतात आणि यंत्र आपणहून बंद पडेपर्यंत चालवतात, म्हणजे वाटीत थेंब उरत नाही. नंतर झाकणाला जुन्या धोतराचा तुकडा घट्ट बांधतात. ती कल्पना त्यांची, कुंभारणीसाठी.