भेंडी बाजार: टॉवर उभे राहतायत, पण गिऱ्हाइकाचं काय?

नमस्कार मंडळी! आज बोलूया मुंबईच्या भेंडी बाजाराबद्दल. मोहम्मद अली रोडला लागून साडेसोळा एकर जागा, सुमारे अडीचशे जुन्या इमारती, 3,200 कुटुंबं आणि जवळजवळ 1,250 दुकानं. हा अख्खा बाजार पाडून नव्याने बांधायचं काम 2009 मध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्टने हाती घेतलं.

बाजार एवढा मोडकळीला आला कसा? 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मालक म्हणणार, एवढ्याशा भाड्यात डागडुजी कशी करू? पागडीवाला, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने राहणारा भाडेकरू, म्हणणार, जागा माझ्या मालकीची नाही, मी खर्च का करू? या ओढाताणीत भिंती खचल्या. 31 ऑगस्ट 2017 ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली. 33 माणसं गेली. त्यामुळे 'जुना बाजार होता तसाच राहू द्या' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. तिथे रोज झोपणाऱ्याला विचारा.

घरांचा हिशोब त्या मानाने सोपा. प्रत्येक पात्र भाडेकरूला किमान 350 चौरस फुटांचं, स्वतःच्या मालकीचं घर, तेही फुकट. संडास घरात, लिफ्ट, पाणी. 2020 मध्ये पहिले दोन टॉवर तयार झाले आणि लोक राहायला आले. हे मोठं काम आहे, मनापासून सांगतो.

खरा पेच दुकानांचा. जुना गाळा डोळ्यासमोर आणा: समोर थेट रस्ता, माल फळीवरून फुटपाथपर्यंत आलेला, वर पोटमाळ्यात वर्षभराचा साठा. रस्त्याने जाणारा माणूस थांबतो, हात लावून बघतो, भाव करतो. हा धंदा चौरस फुटांवर चालतच नाही, दर्शनी बाजूवर चालतो. तेवढ्याच मापाचा गाळा आतल्या बाजूला किंवा वरच्या मजल्यावर मिळाला, तर कागदावर नुकसान शून्य आणि गल्ल्यात मात्र निम्मं.

दुसरी गोष्ट, संक्रमण काळ, म्हणजे जुनं पाडल्यापासून नवं हातात येईपर्यंतचा काळ. घर दोन-चार वर्षं दुसरीकडे हलवता येतं. गिऱ्हाईक तेवढं थांबत नाही, ते शेजारच्या बाजारात उधारीचं खातं उघडून मोकळं होतं. आणि हमाल, हातगाडीवाला, दुकानासमोर बसणारा फेरीवाला? बाजार यांच्यावरच चालतो, पण भाडेपावती नसल्यामुळे पात्रतेच्या यादीत यांना जागाच नाही. मला सगळ्यात जास्त हेच खटकतं.

तुमच्या शहरातल्या बाजारपेठेतही पुनर्विकासाच्या बैठका सुरू असतील, तर नुसतं क्षेत्रफळ विचारून उठू नका. गाळा कोणत्या रस्त्यावर, दर्शनी रुंदी किती फूट, छताची उंची किती, पोटमाळा चालेल का, माल उतरवायला टेम्पो कुठे लागणार आणि ताबा कोणत्या तारखेला, हे सगळं करारात लिहून घ्या. तारीख चुकली तर महिन्याला भरपाई किती, तेही आकड्यात. सही त्यानंतर.