बँक विचारते, "हे पैसे आले कुठून?" क्रिप्टोवाल्यांनी काय सांगायचं?

नमस्कार मंडळी.

दिवाळीच्या आधी माझ्या मावसभावाचा सांगलीहून फोन आला. आवाज रडवेला. "दादा, बँकेत बोलावलंय. खात्यात चार लाख साठ हजार कसे आले म्हणून विचारतायत. क्रिप्टोचे आहेत हे सांगू का नको? मित्र म्हणतोय, मामाने उसने दिले म्हणून सांग."

मी म्हटलं, मामाला यात आणू नकोस.

कारण बँकेच्या स्क्रीनवर पैसे पाठवणाऱ्याचं नाव दिसतं. तिथे एका कंपनीचं नाव आहे आणि तू मामाचं सांगतोयस, म्हणजे पहिल्याच मिनिटाला उघडा पडणार. शिवाय ते खोटं एकदा लिहून दिलंस की नंतर खरं सांगूनही कोणी ऐकत नाही.

आता मुळात बँक विचारू शकते का? शकते. ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांना सेवा द्यायला मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला ते परिपत्रक रद्द केलं. तरी काही बँका त्याच जुन्या कागदाचा हवाला देत ग्राहकांना इशारे पाठवत होत्या. शेवटी ३१ मे २०२१ ला रिझर्व्ह बँकेनेच कळवलं की त्या परिपत्रकाचा आधार घेऊ नका. मात्र त्याच पत्रात हेही सांगितलं, की केवायसी, मनी लाँडरिंग आणि परकीय चलनाच्या नियमांची तपासणी चालू ठेवा. त्यामुळे काउंटरवर कोणी "क्रिप्टो बेकायदेशीर आहे" म्हणालं, तर शांतपणे २०२१ च्या या पत्राची आठवण करून द्या. आणि पैशाचा उगम विचारला, तर उत्तर द्या.

शाखेतल्या मॅडमचं तुमच्याशी वैर नसतं. सिस्टीममध्ये अलर्ट पडतो आणि त्यावर त्यांना शेरा लिहावा लागतो. अलर्ट का पडतो? आमच्या भावाचंच बघा. त्याने खातं उघडलं एकोणिसाव्या वर्षी. व्यवसाय 'विद्यार्थी', वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात सगळ्यात खालच्या गटावर टिकमार्क. आज तो नोकरीला आहे, पण बँकेच्या लेखी अजून विद्यार्थीच. विद्यार्थ्याच्या खात्यात एका दिवशी साडेचार लाख आले, तर विचारणारच ना? म्हणून पहिलं काम केवायसी अद्ययावत करण्याचं. व्यवसाय खरा, उत्पन्न खरं. एका पानाचा फॉर्म आहे.

दुसरं काम, लेखी उत्तर. तोंडी सांगितलेलं टेबलावरच राहतं. आम्ही दिलेलं पत्र साधारण असं होतं.

[पत्र स्क्रीनवर, वाचून दाखवायचं]

"माझ्या बचत खात्यात अमुक तारखेला जमा झालेले ४,६०,३५० रुपये हे मी स्वतः विकत घेतलेल्या आभासी डिजिटल मालमत्तेच्या (क्रिप्टोच्या) विक्रीचे आहेत. खरेदीसाठी याच खात्यातून अमुक तारखांना एकूण १,९०,००० रुपये पाठवले होते. विक्रीची एकूण रक्कम ४,६५,००० रुपये असून त्यावर १ टक्का टीडीएस कापला आहे. सोबत कागदपत्रे जोडली आहेत."

'याच खात्यातून' हे शब्द फार मोलाचे. पैसा इथूनच गेला आणि इथेच परत आला, हे दिसलं की निम्मी शंका तिथेच संपते. सोबत काय जोडलं? एक्स्चेंजवरून, म्हणजे क्रिप्टो जिथे घेतो-विकतो त्या अ‍ॅपवरून, काढलेला खरेदी-विक्रीचा पूर्ण अहवाल, पैसे आले त्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक), खरेदीच्या वेळचं बँक स्टेटमेंट, टीडीएस दिसतो तो फॉर्म २६एएस आणि आधीच्या वर्षाचं रिटर्न. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का मारून पोच घ्या. ही पोच जपून ठेवा.

अजून एक गोष्ट लिहायला विसरू नका. अ‍ॅपचं नाव आणि पैसे पाठवणाऱ्या कंपनीचं नाव वेगळं असू शकतं. कॉइनडीसीएक्समागची कंपनी निब्लिओ टेक्नॉलॉजीज, कॉइनस्विचमागची बिटसायफर लॅब्स. शाखेत ही नावं कोणाला ठाऊक नसतात, तेव्हा दोन्ही नावं पत्रात एकत्र द्या.

कर भरलाय का, हेही कधी कधी विचारतात. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि त्या करावर ४ टक्के सेस, म्हणजे उपकर. भावाचा नफा २,७५,००० रुपये. कर ८२,५०० आणि सेस ३,३००, मिळून ८५,८००. कापलेला टीडीएस ४,६५० वजा केला की भरायचे राहिले ८१,१५०. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. मला हा नियम जाचक वाटतो, पण आज तोच आहे. मागच्या एखाद्या वर्षाचं दाखवायचं राहून गेलं असेल, तर अपडेटेड रिटर्नची सोय आहे. सीएकडे जा, पण बँकेच्या पत्राआधी जा.

पत्र दिल्यावर आठवड्याभरात भावाचं प्रकरण मिटलं.

आता ज्याच्यामुळे हा व्हिडिओ करावासा वाटला ते. पी-टू-पी, म्हणजे माणसाने माणसाशी थेट केलेला सौदा. तुम्ही यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) विकता, समोरचा अनोळखी माणूस यूपीआयने रुपये पाठवतो. भाव जरा बरा मिळतो म्हणून लोक इकडे वळतात. पण ते रुपये कोणाला तरी फसवून लुबाडलेले असले तर? तो फसवला गेलेला माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो. पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरला, ती खाती एकेक करून गोठतात. त्यात तुमचंही. तुम्ही फसवलेलं नाही, तरीही. असं झालं तर शाखेत भांडून उपयोग नाही, कारण आदेश पोलिसांकडून आलेला असतो. बँकेकडून तीन गोष्टी लेखी मागा: तक्रारीचा पोचक्रमांक, कोणत्या राज्यातलं कोणतं पोलीस ठाणे आणि वादातली रक्कम किती. मग तपास अधिकाऱ्याला ऑर्डर क्रमांक, चॅट, समोरच्याचं नाव आणि कॉइन्स पाठवल्याचा ट्रान्झॅक्शन आयडी ईमेल करा. वाद वीस हजारांचा आणि गोठलंय सगळं खातं, असं असेल तर वकिलाकरवी दाद मागा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणांत गोठवणूक वादातल्या रकमेपुरती ठेवायला सांगितलं होतं.

आणि कृपा करून घरच्यांची खाती यात वापरू नका. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने स्वतःच्या खात्याची मर्यादा संपली म्हणून आईच्या खात्यावर पी-टू-पीचे पैसे घेतले. अठरा हजारांचा एक व्यवहार निघाला परराज्यातल्या फसवणुकीतला. त्या माउलीला क्रिप्टो हा शब्दही माहीत नाही. लाडकी बहीणचा हप्ता त्याच खात्यात येतो. आजही येतो, मोबाइलवर मेसेज वाजतो, पण काढायला गेलं की पैसे निघत नाहीत. गेले चार महिने मुलगा परराज्यातल्या पोलीस ठाण्याला ईमेल करतोय, आणि किराणा दुकानात आईची उधारी चालू आहे.